महासाथ आणि मॉडेल रेल्वेची प्रदर्शने : ब्रिटनमधील एका छंदाची इतिहासमीमांसा (२०२०–२०२४)

छंदांचा इतिहास हा इतिहासलेखनात बहुधा उपेक्षित राहिलेला विषय आहे. राज्यसत्ता, अर्थव्यवहार, धर्म आणि वाङ्मय यांच्या इतिहासाला साधनांची वाण पडत नाही. परंतु फावल्या वेळात माणसे काय करीत, कोणाच्या संगतीने करीत, आणि ती संगत अकस्मात तुटली म्हणजे त्या छंदाचे काय होत असे, या प्रश्नांकडे अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. इ. स. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोविड-१९ च्या महासाथीने हा प्रश्न अत्यंत स्पष्ट स्वरूपात पुढे आणला. एखाद्या समाजातील सर्व मेळावे एकाच आठवड्यात थांबावेत आणि वर्षदीडवर्ष थांबलेलेच राहावेत, असा प्रसंग इतिहासात विरळा. त्या काळात कोणत्या गोष्टी तगून राहिल्या व कोणत्या खचल्या हे पाहिले असता, मेळाव्यांचे खरे कार्य काय होते याचा उलगडा होऊ लागतो.

या दृष्टीने ब्रिटनमधील मॉडेल रेल्वेच्या छंदाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. महासाथीच्या पहिल्या वर्षात या छंदाच्या वस्तूंची विक्री वाढली. छंद करणाऱ्यांना पूर्वी कधी लाभला नव्हता इतका मोकळा वेळ लाभला. आणि तरीही चारच वर्षांच्या आत या छंदाचे देशातील सर्वांत नामांकित वार्षिक प्रदर्शन कायमचे बंद झाले. विक्री वाढावी आणि संस्था खचावी, या वरकरणी विसंगत दिसणाऱ्या दोन घटनांचा परस्परसंबंध कसा लावावयाचा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. छंदाची घडण

खेळण्यातील आगगाडी आणि मॉडेल रेल्वे यांत भेद करावयास हवा. खेळण्यातील गाडी मुलाच्या हाती दिली जाते. मॉडेल रेल्वे प्रौढ माणूस स्वतः रचतो, आणि तिच्यात विशिष्ट प्रमाणाने खऱ्या रेल्वेचे रूप आणण्याचा प्रयत्न असतो. या दोहोंचा उगम मात्र एकच आहे. जर्मनीतील मार्क्लिन या कारखान्याने १८९१ मध्ये लायप्झिग येथील जत्रेत ठराविक मापांच्या रुळांची योजना मांडली, आणि एका डब्याला दुसरा डबा, एका रुळाला दुसरा रूळ जोडीत संग्रह वाढविता येईल अशी सोय झाली. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन कारखानदारांच्या साह्याने इंग्रजी रेल्वेसारखी दिसणारी इंजिने विकावयास घेतली. प्रौढ ग्राहकाला हवे असणारे साम्य प्रथम या मालात दिसू लागले.

१९१० मध्ये लंडन येथे 'मॉडेल रेल्वे क्लब' स्थापन झाला. या प्रकारच्या संस्थांत तो जगातील सर्वांत जुना मानला जातो. १९२० मध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी गाड्या बाजारात आणल्या. १९३८ मध्ये त्यांचीच 'हॉर्नबी डब्लो' ही लहान मापाची मालिका निघाली. एका फुटास ४ मिलिमीटर हे प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर रुंदीचा रूळ ही जोडी ब्रिटनमध्ये रूढ झाली ती याच काळात. मध्यमवर्गीय घरातील एका खोलीत स्थानक, बोगदा व माळरान मावू लागले, आणि छंदाचा प्रसार झाला.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून ब्रिटनमध्ये धातूच्या खेळण्यांच्या उत्पादनावर बंदी आली. कारखान्यांना युद्धसामग्री करावयाची होती. युद्ध संपल्यावरही टंचाई काही वर्षे टिकली. परंतु या टंचाईतूनच हस्तकौशल्याची एक परंपरा दृढ झाली. पुठ्ठा, काडेपेटीचे लाकूड, पत्र्याचे तुकडे यांतून इमारती व डबे करण्याची रीत पुष्कळांनी आत्मसात केली. जॉन अ‍ॅहर्न यांनी 'मॅडर व्हॅली' नावाची काल्पनिक रेल्वे उभारून गाडीइतकेच महत्त्व तिच्या भोवतालच्या गावाला आणि निसर्गाला दिले. ती रचना आज ऑक्सफर्डनजीकच्या लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे. १९४६ मध्ये सिडनी प्रिचर्ड यांचा 'पेको' हा उद्योग सुरू झाला, आणि १९४९ मध्ये 'रेल्वे मॉडेलर' हे मासिक निघाले. क्लब, मासिक, दुकान आणि प्रदर्शन या चार खांबांवर छंदाची इमारत उभी राहिली. यांपैकी महासाथीने थेट आघात केला तो पहिल्या व चौथ्या खांबावर.

२. प्रदर्शनाचे अंतरंग

प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मांडलेल्या वस्तू व त्यांसमोरून सरकणारे प्रेक्षक येतात. मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनाचे स्वरूप यापेक्षा निराळे आहे. तेथे मांडलेली प्रत्येक रचना, जिला हौशी मंडळी 'लेआउट' म्हणतात, ही चालविली जाते. ती साधारणतः तीन-चार फूट लांबीच्या लाकडी फळ्यांच्या तुकड्यांत बनविलेली असते. हे तुकडे शुक्रवारी व्हॅनमध्ये चढवावयाचे, सभागृहात नेऊन जोडावयाचे, तारा जुळवावयाच्या, रुळांचे सांधे नीट बसले की नाही हे पाहावयाचे, आणि रविवारी सायंकाळी सर्व पुन्हा उकलून घरी न्यावयाचे. दोन दिवस अखंड गाड्या चालवावयाच्या तर एका लेआउटला तीन-चार माणसे तरी लागतात. एक थकला की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो.

प्रेक्षकाला दिसणाऱ्या दृश्याच्या पाठीमागे रुळांचा एक झाकलेला भाग असतो. स्थानकातून निघालेली गाडी पुलाखालून किंवा बोगद्यातून या भागात जाते. तेथे तिचे इंजिन हाताने उचलून दुसऱ्या टोकाला लावतात, डबे बदलतात, आणि ती नव्या गाडीच्या रूपाने पुन्हा दृश्यात येते. या भागास 'फिडल यार्ड' अशी संज्ञा आहे. बोटांनी चाळवाचाळव करणे हा इंग्रजीतील 'फिडल' या क्रियापदाचा अर्थ येथे मूळ धरून आहे. वाचकांनी ही संज्ञा ध्यानात ठेवावी. कारण छंदाचे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते ते पुष्कळदा या पाठीमागच्या जागेत. नवखा मनुष्य समोरून पाहता पाहता बाजूला सरकतो, मागे डोकावतो, आणि विचारतो : हा सांधा कसा फिरतो, ही तार कोठून आणली, हे झाड कशाचे केले? उत्तर देणारा एका हाताने गाडी चालवीत दुसऱ्या हाताने दाखवितो. छापील लेखात जी गोष्ट चार पाने घेते ती येथे चार मिनिटांत समजते.

प्रदर्शनाची आर्थिक बाजूही पाहणे अवश्य आहे. लेआउट आणणाऱ्यास मानधन नसते. व्हॅनचे भाडे, लांबून आल्यास रात्रीच्या मुक्कामाचा खर्च, आणि भोजन, एवढेच त्यास मिळते. व्यापाऱ्यांकडून जागेचे भाडे आणि प्रेक्षकांकडून प्रवेशमूल्य घेऊन यजमान क्लब खर्च भागवितो. जे उरेल त्यातून वर्षभराचे खोलीभाडे, वीज आणि विमा निघतो. चहा व केकची विक्री ही बाब हास्यास्पद वाटेल. परंतु एखाद्या लहान गावातील क्लबाच्या जमाखर्चात तिचे स्थान नगण्य नसते. तात्पर्य, प्रदर्शन हे क्लबाच्या वर्षाचे शोभिवंत टोक असून त्याच वेळी त्याचा पायाही असते.

अशा प्रदर्शनात काय पणास लागलेले असते याचे प्रत्यंतर महासाथीच्या केवळ दहा महिने आधी आले होते. मे १९ च्या सुमारास, २०१९ साली, स्टॅमफर्ड येथे मार्केट डीपिंग मॉडेल रेल्वे क्लबाचे प्रदर्शन भरावयाचे होते. आदल्या रात्री काही तरुणांनी सभागृहात शिरून मांडून ठेवलेले लेआउट मोडून टाकले. त्यांपैकी काही रचनांवर वर्षानुवर्षांचे श्रम झालेले होते. क्लबाने साह्यार्थ केवळ ५०० पौंडांचे आवाहन केले. प्रत्यक्षात १ लक्ष पौंडांहून अधिक निधी जमला, आणि स्वतः या छंदाचे उपासक असलेले गायक रॉड स्ट्युअर्ट यांनी १०,००० पौंड दिले. या समाजाची नाळ सामान्य जनांच्या सहानुभूतीशी जुळलेली होती, हे यावरून दिसते. वस्तू मोडल्या तर पैसा उभा राहतो. माणसांचे एकत्र येणेच मोडले तर काय, हा प्रश्न पुढील वर्षी आला.

३. २०२० चा वसंत

१६ मार्च २०२० रोजी ब्रिटिश पंतप्रधानांनी अनावश्यक भेटीगाठी टाळण्याचा सल्ला जनतेस दिला, आणि सत्तर वर्षांवरील व्यक्तींनी तो विशेष कसोशीने पाळावा असे सांगितले. २३ मार्च रोजी टाळेबंदी जाहीर झाली. २६ मार्चपासून इंग्लंडमध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथे मार्चच्या उत्तरार्धात योजलेले मोठे प्रदर्शन रद्द झाले. ईस्टरच्या सुट्टीत यॉर्क येथे भरणारे प्रदर्शनही भरले नाही. गावोगावच्या शाळा, नगरसभागृहे आणि चर्चची सभागृहे बंद झाल्यामुळे लहान क्लबांच्या प्रदर्शनांचा प्रश्नच उरला नाही.

सत्तरीवरील माणसांसंबंधीचा सल्ला या छंदास विशेष लागू पडणारा होता. क्लबांच्या सभासदांत सेवानिवृत्तांचा भरणा मोठा. लेआउट रचण्यास लागणारा वेळ, जागा आणि थोडाबहुत पैसा माणसास बहुधा उतारवयातच मिळतो. वाफेची इंजिने ब्रिटिश रेल्वेवरून १९६८ मध्ये निवृत्त झाली; त्यांची प्रत्यक्ष स्मृती असणारी पिढी २०२० मध्ये साठी-सत्तरीच्या पुढे होती. म्हणजे ज्यांच्या हातांत कौशल्य अधिक, त्यांनाच एकांतवास सर्वाधिक काळ पाळावा लागला.

शारीरिक अंतराचा नियम हाही या छंदाच्या मुळावर येणारा होता. दोन मीटर अंतर राखावयाचे तर दहा-बारा फूट लांबीच्या लेआउटमागे जेमतेम दोन माणसे उभी राहू शकतात, आणि त्यांना एकमेकांस ओलांडून जाता येत नाही. क्लबांच्या खोल्या तर तळघरांत, जुन्या स्थानकांत, चर्चच्या मागील भागात; हवा खेळती नसलेल्या. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबाची स्वतःची वास्तू किंग्ज क्रॉस स्थानकानजीक 'कीन हाउस' येथे १९६० पासून आहे. अशी स्वतःची जागा असणारे क्लब फार थोडे. बहुसंख्य क्लब भाडेकरू होते, आणि उत्पन्नाचे साधन बंद असताना भाड्याची जबाबदारी त्यांच्या डोक्यावर राहिली.

या काळाचे सर्वांत बोलके दृश्य मात्र बर्मिंगहॅम येथील राष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात दिसले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लबाचे राष्ट्रीय प्रदर्शन १९९३ पासून प्रतिवर्षी नोव्हेंबरात येथे भरत असे. देशोदेशीचे लेआउट, शेकडो व्यापारी आणि हजारो प्रेक्षक यांची ती वार्षिक यात्राच होती. १६ एप्रिल २०२० रोजी त्याच केंद्रात कोविडच्या रुग्णांसाठी 'नाइटिंगेल' हे तात्पुरते रुग्णालय उघडण्यात आले. प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्रशस्त दालनांत खाटांच्या रांगा लागल्या. हॅरोगेट व लंडन येथील प्रदर्शनगृहांचाही असाच उपयोग करण्यात आला. २०२० च्या नोव्हेंबरात वॉर्लीचे प्रदर्शन भरले नाही. २०२१ मध्येही भरले नाही.

४. घरातील वर्ष

प्रदर्शने थांबली, परंतु छंद थांबला नाही. किंबहुना घरात कोंडलेल्या माणसास छंदाचा आधार अधिकच वाटू लागला. पोटमाळ्यावर ठेवलेल्या पेट्या खाली आल्या. बालपणी सोडलेला छंद पुष्कळांनी पुन्हा हाती घेतला. याचे प्रतिबिंब व्यापारात उमटले. मार्गेट येथील हॉर्नबी कंपनीची विक्री मार्च २०२० अखेरच्या वर्षात ३ कोटी ७८ लक्ष पौंड होती. मार्च २०२१ अखेरच्या वर्षात ती ४ कोटी ८५ लक्ष पौंडांवर गेली. वाढ सुमारे २८ टक्क्यांची. अनेक वर्षे तोटा सोसणाऱ्या या कंपनीस जवळजवळ दशकानंतर करपूर्व नफा दिसला. या आकड्यांत मोटारींची व विमानांची मॉडेले करणाऱ्या तिच्या इतर शाखांचाही वाटा आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि गृहबद्ध छंदांस सर्वत्रच भरती आली होती, हा निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही.

मेळाव्यांची उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले. हौशी मंडळींनी आपापल्या घरातील लेआउटची चित्रफीत काढून ती एकमेकांस दाखविली. क्लबांच्या साप्ताहिक बैठका पडद्यावर भरू लागल्या. अमेरिकेत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेचे जुलै २०२० मधील सेंट लुइस येथील अधिवेशन रद्द झाले, आणि संस्थेने दूरस्थ व्याख्यानांची मालिका सुरू केली. एरव्ही प्रवासखर्चामुळे अधिवेशनास कधीच न जाऊ शकणाऱ्या सभासदांना ही व्याख्याने घरबसल्या ऐकता आली. खेड्यात राहणाऱ्या, अपंग किंवा एकाकी माणसास या काळात छंदाचा समाज जवळ आला, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल.

परंतु याच ठिकाणी शब्दाच्या अर्थाचा एक प्रश्न उपस्थित होतो. या उपक्रमांना 'व्हर्च्युअल एक्झिबिशन', म्हणजे आभासी प्रदर्शन, असे नाव पडले. विशेषण लागले की नामाचा अर्थ शाबूत राहतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळदा विशेषणामुळे नामाचा गाभाच बदलतो. चित्रफितीत लेआउटची दर्शनी बाजू उत्तम दिसते. प्रदर्शनात गर्दीतून कधी दिसत नाहीत असे बारकावेही दिसतात. दिसत नाही ती मागची बाजू. प्रेक्षक बाजूला सरकू शकत नाही, फिडल यार्डात डोकावू शकत नाही, चालविणाऱ्याच्या हाताकडे पाहू शकत नाही. रुळावरून घसरलेली गाडी चित्रफितीतून कापली जाते; प्रदर्शनात ती घसरते, आणि ती पुन्हा कशी बसवावी हे दहा जणांना कळते. थोडक्यात, आभासी प्रदर्शनात प्रदर्शनाचा अंश टिकला आणि शिक्षणाचा अंश क्षीण झाला.

एकट्याने मॉडेल रेल्वे चालविण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. 'बकिंगहॅम शाखा' या प्रसिद्ध लेआउटचे कर्ते रेव्हरंड पीटर डेनी यांना गाड्या चालविण्यास त्यांचा मुलगा क्रिस्पिन साह्य करीत असे. तो हजर नसताना त्याचे काम करील असे एक यंत्र त्यांनी बनविले आणि त्याला 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन' असे नाव दिले. या नावातील विनोदामागे एक सत्य आहे. यंत्राला मुलाचे नाव द्यावेसे वाटले, याचा अर्थ यंत्राने भरावयाची जागा माणसाची होती, याची जाणीव कर्त्यास होती.

५. युद्ध आणि महासाथ : एक तुलना

१९४२ आणि २०२० या दोन आपत्तींची तुलना केली असता छंदाच्या समाजाचे बलाबल स्पष्ट होते. युद्धाने साहित्य हिरावून घेतले. रूळ, इंजिने, पितळ, पत्रा, सर्वच दुर्मिळ झाले. तरुण माणसे दूरच्या आघाड्यांवर गेली. परंतु मागे राहिलेल्या चार माणसांनी एका खोलीत बसून पुठ्ठ्याचे स्थानक करणे हा गुन्हा ठरला नव्हता. म्हणून टंचाईच्या काळात कौशल्य वाढले, आणि १९४५ नंतर माल पुन्हा मिळू लागताच छंदाला बहर आला. वडीलधाऱ्यांकडून शिकलेले हात तयार होते.

महासाथीत परिस्थिती नेमकी उलटी झाली. माल उपलब्ध होता, टपालाने घरपोच येत होता. एकत्र बसणे तेवढे निषिद्ध होते. युद्धाने हात रिकामे ठेवले व माणसे जवळ राखली. महासाथीने हात भरले व माणसे दूर केली. एका पिढीचे कौशल्य दुसऱ्या पिढीस देण्याच्या दृष्टीने पाहता दुसरी आपत्ती अधिक हानिकारक ठरली असे म्हणावयास हरकत नाही. त्यातच वृद्ध सभासदांपैकी काही जण या काळात निवर्तले, काहींचे आरोग्य ढासळले, आणि काहींची जड फळ्या उचलण्याची सवय सुटली ती कायमची.

मालाची उपलब्धताही फार काळ निर्वेध राहिली नाही. ब्रिटिश कंपन्यांची बहुतेक मॉडेले विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधील कारखान्यांत तयार होतात. २०२१ मध्ये सागरी वाहतुकीचे दर अनेक पटींनी वाढले. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज अडकून सहा दिवस वाहतूक खोळंबली. जाहीर झालेली इंजिने महिनोन्महिने उशिरा येऊ लागली, आणि आली तेव्हा त्यांची किंमत वाढलेली होती.

६. पुनरागमन आणि अखेर

१९ जुलै २०२१ रोजी इंग्लंडमधील बहुतेक निर्बंध उठले. लहान प्रदर्शने हळूहळू भरू लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये, तीन वर्षांच्या अंतराने, वॉर्लीचे प्रदर्शन बर्मिंगहॅम येथे पुन्हा भरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये हॉर्नबीने १:१२० या लहान प्रमाणाची नवी मालिका काढली. अपुऱ्या जागेत राहणाऱ्या नव्या ग्राहकाला आकर्षित करण्याचा तो प्रयत्न होता. वरवर पाहता सर्व पूर्वपदावर येत आहे असे वाटावे.

परंतु भरतीनंतर ओहोटी आली. मार्च २०२३ अखेरच्या वर्षात हॉर्नबी कंपनी पुन्हा तोट्यात गेली. जानेवारी २०२४ मध्ये १९४६ साली लिव्हरपूल येथे सुरू झालेल्या हॅटन्स या विख्यात विक्रेत्याने आपला व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. आणि नोव्हेंबर २०२३ मधील प्रदर्शन हेच आपले अखेरचे, असे वॉर्ली क्लबानेही २०२४ च्या आरंभी प्रकट केले. तीस वर्षांची परंपरा संपली.

या शेवटच्या घटनेचा अर्थ नीट लावावयास हवा. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी प्रेक्षक आले होते. दालने ओस पडली नव्हती. वॉर्लीचे प्रदर्शन हा एका क्लबाच्या सभासदांनी विनावेतन पेललेला डोलारा होता. लेआउटची निवड, व्यापाऱ्यांशी करार, केंद्राचे भाडे, विमा, पाहुण्यांचे मुक्काम, अग्निसुरक्षा, तिकिटे, हे सर्व काम वर्षभर चाले, आणि ते करणारी माणसे वयाने वाढत होती. स्वयंसेवी कार्यात सातत्य हाच मोठा आधार असतो. दरवर्षी करावयाचे म्हणून केले जाते. एकदा साखळी तुटली की, पुन्हा सुरू करावयाचे की नाही, असा प्रश्न प्रथमच विचारता येतो. महासाथीने वॉर्ली बंद पाडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नव्हे. वार्धक्य, वाढता खर्च आणि नव्या स्वयंसेवकांची वाण ही कारणे आधीपासूनच होती. महासाथीने ती एकत्र आणली आणि पुढच्या दहा वर्षांत हळूहळू घडले असते ते चार वर्षांत घडविले.

७. स्थिर आणि फिरते

या निष्कर्षास दुसऱ्या बाजूने पुष्टी मिळते. हँबुर्ग येथील 'मिनियाटूर वुंडरलांड' हे २००१ मध्ये उघडलेले भव्य लघुविश्वही महासाथीत दीर्घकाळ बंद राहिले. परंतु ती पगारी कर्मचारी असलेली स्थिर संस्था आहे. बंदीच्या काळात तेथील मंडळींनी पाण्याने भरलेल्या पेल्यांवर छोट्या आगगाडीकडून सलग सुरावट वाजवून २०२१ मध्ये विश्वविक्रम नोंदविला. दारे उघडताच प्रेक्षक परतले आणि काम पूर्ववत् चालू झाले.

महाराष्ट्रातील वाचकास याच जातीचे उदाहरण पुण्यात सापडते. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून १९९८ मध्ये कोथरूड परिसरात लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी तेथील रुळांवरून धावणाऱ्या गाड्या, पूल आणि दिव्यांनी उजळणारे लघुनगर पाहिले आहे. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत देशातील सर्व संग्रहालयांप्रमाणे त्याचीही दारे बंद झाली. पण लेआउट जागच्या जागी होता. तो पुन्हा चालू करण्यास वीज आणि जाणकार हात पुरेसे होते. चाळीस घरांतून चाळीस तुकडे गोळा करावयाचे नव्हते. स्थिर संस्थेस बंदीतील भाडे व पगार मारतात; फिरत्या प्रदर्शनास माणसांची पांगापांग मारते. भारतात हा छंद क्लब व फिरती प्रदर्शने यांच्या आधाराने वाढलेला नाही, म्हणून ब्रिटनमध्ये घडलेली हानी येथे त्या रूपात घडली नाही. मात्र ज्या जाळ्यामुळे ती हानी संभवली, ते जाळे येथे नव्हते हीही एक उणीवच आहे, हे विसरता येत नाही.

उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, छंदाचा व्यापार आणि छंदाचा समाज यांची चाल एकच असते असे नाही. एकास भरती असताना दुसऱ्यास ओहोटी असू शकते, आणि विक्रीच्या आकड्यांवरून समाजाचे आरोग्य जोखणे धोक्याचे आहे. दुसरी, प्रदर्शनाचे दर्शनी कार्य पर्यायी साधनांनी काही अंशी भागते. हातातून हातात जाणारे ज्ञान आणि त्यातून निर्माण होणारे उत्तरदायित्व मात्र भागत नाही. तिसरी, स्वयंसेवी संस्थांचे बळ त्यांच्या सातत्यात असते, आणि खंड पडला म्हणजे त्या पैशाअभावी मोडण्यापूर्वी मनुष्यबळाअभावी मोडतात.

ब्रिटनमध्ये प्रदर्शने आजही भरतात. यॉर्क व ग्लासगो येथील मोठ्या परंपरा चालू आहेत, आणि गावोगावच्या सभागृहांत शनिवारी सकाळी फळ्या जोडल्या जातात. मोठ्या प्रदर्शनांचा काही भार व्यावसायिक आयोजकांनी उचललेला आहे. परंतु पगारी आयोजक सभागृह घेऊ शकतो, तिकिटे विकू शकतो. लेआउटमागे उभे राहून, एका हाताने गाडी चालवीत दुसऱ्या हाताने नवख्यास सांधा दाखविणारा मनुष्य त्याला विकत घेता येत नाही. त्या माणसाची जागा घेणारा तरुण क्लबात येतो की नाही, यावरच या छंदाचे भवितव्य अवलंबून राहील.